तळेऱ्याच्या अलीकडे उभी केलेली गाडी

माझ्याकडे सहा ट्रक आहेत, चार बाराचाकी आणि दोन दहाचाकी. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतून माल उचलायचा, मुंबई-गोवा हायवेने खाली जायचं आणि मंगळुरूला गाडी रिकामी करायची, ही आमची मुख्य खेप. जाताना बहुतेक वेळा ड्रम, येताना मिळेल ते परतीचं भाडं. गेल्या नोव्हेंबरात आमची एक बाराचाकी पहाटे चारच्या सुमाराला सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याच्या अलीकडे साइडपट्टीवर उभी होती, आणि मागून येणारी मासळीची पिकअप तिच्यावर आदळली. जीव कुणाचा गेला नाही. पिकअपमध्ये डाव्या बाजूला बसलेल्या पोराचा हात दोन ठिकाणी मोडला. आमचा ड्रायव्हर दारू प्यायलेला नव्हता, वेगात नव्हता, त्या वेळी गाडी चालवतही नव्हता. झोप अनावर झाली म्हणून तो थांबला होता. झोप आली तर थांब, हे आपण सगळेच ड्रायव्हरला सांगतो. त्याने तेच केलं, आणि अपघात त्या थांबण्यातूनच झाला.

या मार्गावर गाड्या असलेल्या दुसऱ्या मालकांना यात स्वतःचं वेळापत्रक ओळखू येईल असं मला वाटतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

तो दिवस

ड्रायव्हर खेड तालुक्यातला, पंचेचाळिशीचा, माझ्याकडे नऊ वर्षं असलेला. त्या दिवशी तो घरून पहाटे साडेपाचला उठून निघाला आणि नऊच्या आत गाडी कंपनीच्या गेटला लावली. पुढे चौदा गाड्या होत्या. लोडिंगचा नंबर दुपारी लागेल असं वाटत होतं, तो लागला संध्याकाळी. मधल्या वेळात दर पंधरा-वीस मिनिटांनी रांग सरकत होती आणि गाडी पुढे घ्यावी लागत होती. क्लीनरकडे लायसन्स नाही, म्हणजे स्टिअरिंगवर दर वेळी ड्रायव्हरच. ड्रम भरले, ताडपत्री बांधली, काट्यावर वजन झालं, बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक-पावती हातात आली आणि पावणेनऊला गाडी निघाली.

माझ्या वहीत मी त्या दिवसापुढे काय लिहिलं होतं, ते सांगायला हवं. मी लिहिलं होतं ‘आराम’. गाडी किलोमीटर धावली नाही की तो दिवस आरामाचा, हा हिशेब मी वर्षानुवर्षं करत आलो. माझ्या वडिलांचाही हिशेब तोच होता.

परशुराम घाट उतरून, चिपळूण मागे टाकून तो सावर्ड्याला जेवायला थांबला. जेवण आटोपून निघाला तेव्हा साडेदहा झाले होते. म्हणजे जागेपणी सतरा तास तिथेच भरले. झोपेवर काम करणाऱ्या संशोधकांनी मोजलेलं आहे, की सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. चहाचा थेंब सोडून काहीही न प्यायलेला माझा ड्रायव्हर सावर्ड्याहून निघाला, तेव्हा तो त्या मर्यादेच्या पलीकडच्या माणसासारखा होता. आणि त्याच्यापुढे अख्खी रात्र होती.

पहिली पेंग निवळीच्या घाटात आली. त्याने हातखंब्याला थांबायचं ठरवलं. तिथल्या ओळखीच्या ढाब्याचं मैदान गच्च भरलेलं, बाराचाकी आत घातली तर पहाटेपर्यंत बाहेर निघणार नाही अशी अवस्था. लांज्याजवळ एक मोकळी जागा त्याला माहीत होती, पण रस्त्याच्या कामाचे अडथळे लावून ती बंद केलेली. राजापूरच्या पुढे एका पेट्रोल पंपावर गाडी वळवली. पंपावरच्या माणसाने टॉर्च मारून ड्रमवरचं ज्वालाग्राही मालाचं चिन्ह पाहिलं आणि गाडी बाहेर काढायला लावली. त्याचं बरोबरच होतं. खारेपाटणच्या पुढे एका लाकडाच्या वखारीसमोरच्या पटांगणात तो शिरला, तर राखणदार काठी टेकत आला आणि म्हणाला, “हयसर नको रे बाबा, मालक माका बोलतलो.”

अशा चार ठिकाणांहून परत फिरल्यावर, तीन वाजून वीस मिनिटांनी, त्याने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. साइडपट्टी तिथे पुढे निमुळती होत जाते. अंधारात त्याला ते दिसलं नाही. उजवीकडची मागची चाकं दीड-दोन फूट डांबरावर राहिली. पार्किंग लाइट लावले, आणि पंधरा मिनिटांनी बंद केले. का, तर बॅटरी कमजोर होती. लाइट चालू ठेवून झोपलो तर सकाळी सेल्फ मारणार नाही, ही त्याला भीती. ती बॅटरी बदलायचं त्याने मला आठवडाभर आधी सांगितलं होतं. “ही खेप होऊ दे,” असं उत्तर मी दिलं होतं.

सकाळी मी काय पाहिलं

मी साडेनऊला पोचलो. पिकअप बाजूला ओढलेली, रस्त्यावर बर्फाचा चुरा वितळून बांगड्यांचा वास सगळीकडे पसरलेला. आमच्या गाडीच्या मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी आहे, नियमाप्रमाणे आहे, पासिंगला दाखवलेली आहे. मी तिच्यावरून बोट फिरवलं तर बोटावर जांभ्याची लाल धूळ आली, मऊसूत, कुंकवासारखी. बोट फिरलं तेवढीच रेघ उन्हात चमकली, बाकी पट्टी फळीच्याच रंगाची झालेली. टेललाइटच्या काचेवरही तोच थर. लोट्याच्या रांगेत आणि रस्त्याच्या कामाच्या पट्ट्यात दिवसभर बसलेली धूळ, वर रात्रीचं दंव. लाइट चालू असते तरी किती दिसले असते, कोण जाणे.

त्रिकोणी रिफ्लेक्टर होता, पण टूलबॉक्समध्ये जॅकच्या खाली. गाडीमागे त्याने झाडाची एक फांदी टाकली होती.

पिकअपचा चालक रत्नागिरीहून मासळी घेऊन गोव्याकडे निघालेला. सखल भागात धुकं होतं आणि त्याला आमची गाडी तीसेक मीटरवर दिसली, असं तो म्हणाला. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदाला १६-१७ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी पंचवीस मीटर संपले. त्याने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं म्हणून सगळी पिकअप आत शिरली नाही, डावी बाजू तेवढी फाटली.

गुन्हा दाखल झाला तो ड्रायव्हरवर. धोकादायक रीतीने वाहन उभं करण्याबद्दल मोटार वाहन कायद्यात १२२ वं कलम आहे. कलमाला माझी वही दिसत नाही, बॅटरीचा निरोप दिसत नाही.

चार दिवसांनी घरी बसून

त्याच्या पडवीत आम्ही दोन तास बोललो. मी विचारलं, मंगळुरूचा माल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा नव्हता, मग रात्री निघालासच का? लोट्यातच झोपून पहाटे निघायचं होतं. तो म्हणाला, “शेठ, गेटच्या बाहेर रात्री गाडी ठेवू देत नाहीत. आणि ई-वे बिल सुरू झालेलं.”

ई-वे बिल म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, त्याला मुदत असते. त्याचं हे कारण मी स्वतः शंभरदा सांगितलेलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा शांतपणे हिशेब केला. साध्या मालवाहतुकीला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, २०२१ पासून. लोट्याहून मंगळुरू सहाशेच्या वर, म्हणजे चार दिवस. शिवाय काही अडचण आली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. चार दिवसांच्या कागदावर आम्ही दीड दिवसाची घाई करत होतो. कागदाचं नाव पुढे करत होतो, घाई माझी होती. मंगळुरूहून परतीचं भाडं लवकर पकडलं की महिन्यात एक खेप जास्त होते. त्या रात्री मी त्याला दोनदा फोन केला होता, अकरा वाजून दहा मिनिटांनी आणि दीड वाजता. दोन्ही वेळा एकच प्रश्न: कुठवर आलास?

मी त्याला म्हटलं, पुढे झोप आली की झोपायचं, मी काही बोलणार नाही. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “झोपीन मी. पण कुठे झोपू, ते सांगा. आणि माझा भत्ता खेपेवर आहे, झोपलेल्या रात्रीचा पैसा कोण देतो?”

पुढचं सगळं या दोन प्रश्नांतून निघालं.

कायदा काय म्हणत होता, ते मी त्यानंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालच्या कायद्यातच (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) लिहून ठेवलेलं होतं: दिवसाला आठ तास काम, लांबच्या मार्गावर फार तर दहा, पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला ते लागू होतं, म्हणजे मलाही लागू होतं. कामाचा वेळ कोणता, तर माणूस मालकाच्या दिमतीला असतो तो. गेटच्या रांगेतला तो अख्खा दिवस त्यात बसत होता. माझ्या वहीतला ‘आराम’ कायद्यानेही काम होता आणि शरीरानेही.

जागा शोधणं

आमची पद्धत अशी होती की गाडी कधी निघणार आणि कधी पोचणार हे ठरायचं, आणि मधे झोप कुठे ते ड्रायव्हरच्या नशिबावर. आता ते उलटं केलं. आधी थांबायच्या जागा पक्क्या करायच्या, आणि त्या जागांवरून निघायची वेळ मागे मोजत यायची. बोलायला सोपं वाटतं. जागा शोधायला मला आणि क्लीनरला तीन आठवडे लागले. लोटे ते बांदा सगळा पट्टा आम्ही एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाहिला.

दिवसा चांगली वाटणारी जागा रात्री चांगली नसते. दिवसा मोकळं दिसलेलं मैदान रात्री अकरानंतर भरतं. दिवसा रुंद वाटलेल्या फाटकातून रात्री बाराचाकी वळवून पाहिली तर दोनदा मागे-पुढे करावं लागतं, आणि तेवढा वेळ तिची शेपूट हायवेवर राहते. ही गोष्ट मी आता सगळ्यात आधी बघतो: गाडी एका दमात आत येते का आणि मागे न घेता बाहेर पडते का.

मग जमीन. कोकणातली लाल माती नोव्हेंबर ते मे कातळासारखी असते, पण जूनमध्ये वीस-पंचवीस टनांची गाडी तिच्यात रिमपर्यंत जाते. जांभ्याचा कातळ किंवा भराव केलेली जागाच बारा महिने चालते. मग डोंगर. हायवे रुंद करताना कापलेल्या दरडीखालच्या सपाट जागा ट्रकवाल्यांना फार आवडतात, सावली असते, चहाची टपरी असते. १६ जुलै २०२४ ला कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूरला अशाच जागी दरड आली. टपरी गेली, माणसं गेली, थांबलेला एक लाकडाचा ट्रक ड्रायव्हरसकट गंगावळी नदीत गेला आणि दोन महिन्यांहून जास्त काळाने वर निघाला. आमच्या गाड्या त्याच रस्त्याने जातात. तिथे थांबून चहा प्यायलेले ड्रायव्हर माझ्याकडे आहेत. कापलेल्या डोंगराखालच्या जागा आम्ही यादीतून सरसकट काढून टाकल्या, पावसाळा असो वा नसो.

ड्रमच्या मालाची अडचण वेगळी. धोकादायक माल असलेली गाडी आगीपासून सुरक्षित जागीच उभी करायची आणि ती कधीही बेवारस सोडायची नाही, असा नियम आहे. म्हणजे ढाब्याच्या तंदूरजवळ नाही, वेल्डिंगच्या दुकानासमोर नाही, आणि दोघांनी एकाच वेळी झोपायचं नाही. मच्छर अगरबत्तीसुद्धा लावता येत नाही. ही गोष्ट मला क्लीनरने सांगितली. मी कधी केबिनमध्ये रात्र काढलेली नव्हती, म्हणून मग एक काढली, कुडाळजवळ. सीटमागची फळी जेमतेम दीड हात रुंद. इंजिन बंद करून दोन तास झाले तरी खालून ऊब येत राहते. काच उघडावी तर मच्छर, लावावी तर घुसमट, आणि कुणी डिझेलच्या टाकीशी खुडबुड करतंय का म्हणून एक कान कायम बाहेर. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण माझ्या सहाही गाड्या त्याआधीच्या. आम्ही प्रत्येक केबिनला दोन्ही खिडक्यांच्या मापाच्या जाळ्या शिवून घेतल्या आणि डिझेल टाकीला कुलूप लावलं. सगळ्या खर्चात स्वस्त हेच होतं, आणि ड्रायव्हर लोकांनी सगळ्यात जास्त नाव त्याचंच काढलं.

शेवटी तीन जागा ठरल्या: एक सावर्ड्याच्या बाजूला, एक रत्नागिरीच्या पालीजवळ, एक कुडाळच्या पुढे. एक ढाबा, एक बंद पडलेल्या चिरेखाणीचं आवार, एक लाकडाची वखार. मालकांशी बोलणं साधं ठेवलं. गाडी जेवो न जेवो, रात्रीचे ठरलेले पैसे. संध्याकाळी पाचच्या आत माझा फोन जाईल, की आज गाडी आहे. ते दोन रिकामे ड्रम ठेवून जागा धरतील. पाणी आणि संडास उघडा ठेवतील. ढाबेवाल्यांना सहसा जेवणावर पैसे सुटतात, त्यामुळे न जेवणारा ट्रक त्यांना नको असतो. नुसत्या जागेचे पैसे द्यायला लागल्यावर आमच्या गाडीला कुणी हुसकावलं नाही.

कोकण रेल्वेचा रो-रो पर्यायही पाहिला. १९९९ पासून ती कोलाडहून वेर्ण्याला ट्रक मालगाडीवर चढवून नेते, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून जातो. पनवेलकडून येणाऱ्या गाडीला ते फार चांगलं. आमचा माल लोट्याचा, कोलाड म्हणजे उलटं मागे जाणं, म्हणून सोडून दिलं.

नवं वेळापत्रक

ते एका पानात मावतं. गाडी गेटला लागली की ड्रायव्हरचं घड्याळ सुरू. दुपारी तीनच्या आत सुटली तर त्याच दिवशी कुडाळपर्यंत, रात्री अकराच्या आत गाडी आत. तीन ते सहामध्ये सुटली तर पालीपर्यंतच. सहानंतर सुटली तर फक्त सावर्डे, आणि तिथून पहाटे पाचला पुढे. रात्री बारा ते पाच चाक फिरत नाही. दोन ते पाच ही वेळ अशी असते, की दुपारी झोप काढलेल्या माणसाचंही शरीर त्या वेळी खाली बसतं. चहाने अर्ध्या तासाने थोडी तरतरी येते, तीही टिकत नाही. उठल्याबरोबर लगेच स्टिअरिंगवर बसायचं नाही, तोंड धुऊन, गाडीभोवती फेरी मारून, मागची पट्टी आणि काचा ओल्या फडक्याने पुसून मग निघायचं. त्या फेरीत पंधरा-वीस मिनिटं जातात आणि झोपेची गुंगी उतरते.

रात्री दहानंतर मी फोन करत नाही. गाडी जागी लागली की क्लीनर मला एक मिस्ड कॉल देतो, बस. हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं. पहिला महिनाभर मी अंथरुणात जीपीएसवरचा ठिपका बघत पडायचो.

आणि पैसे. खेपेवरचा भत्ता ठेवून झोपायला सांगणं म्हणजे ड्रायव्हरच्या खिशातून सुरक्षितता विकत घेणं. म्हणून भत्ता दिवसावर केला. गेटवर उभा दिवस, थांबलेली रात्र, सगळी धरून. पगाराचा भाग वाढवला. दोन ड्रायव्हर तरीही नाराज होते, कारण धावून जास्त कमवायची त्यांची सवय होती. त्यातला एक सोडून गेला. तो चांगला ड्रायव्हर होता, मला आजही वाईट वाटतं.

हिशेब लपवत नाही: गाडीमागे महिन्याला साधारण एक खेप कमी झाली. डिझेल थोडं वाचलं, टायर बरे टिकायला लागले, पण त्यातून ती खेप भरून निघत नाही. दोन पार्ट्यांनी भाडं थोडं वाढवून दिलं, तिसरीने दुसरा ट्रान्सपोर्टवाला धरला. माझा भाऊ म्हणतो, आपण एकट्यानेच हे करून काय होणार, बाकीच्यांच्या गाड्या रात्रभर धावतातच. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त त्या पोराचा प्लास्टरमधला हात पाहिलेला आहे.

सुटलेलं सगळं नाही. कंपनीच्या गेटवरची रांग तशीच आहे. आम्ही लोडिंगची वेळ ठरवून मागितली, ती अजून मिळाली नाही, रात्री गाडी आवारात ठेवायची परवानगीही नाही. गणपतीत दरवर्षी १६ टन आणि त्यावरच्या गाड्यांना हायवेवर बंदी येते. ते योग्यच आहे, चाकरमानी घरी पोचायला हवेत, पण त्या दिवसांत अडकलेल्या शेकडो ट्रकनी उभं कुठे राहायचं, हे बंदीच्या आदेशासोबत कुणी सांगत नाही. आमच्या तिन्ही जागा तेव्हा दुपारीच भरतात. आणि कारवारच्या पुढे आमची एकही ठरलेली जागा नाही. कुंदापूरच्या बाजूला एक पाहून ठेवली आहे, बोलणी चालू आहेत.

बॅटरी अपघाताच्या तिसऱ्या दिवशी बदलली. आता ड्रायव्हरने सांगितलेली दुरुस्ती झाल्याशिवाय त्या गाडीची बिल्टी मी फाडत नाही.

पिकअपवरचा पोरगा पुन्हा कामाला लागला, पण जड पेटी अजून त्याला उचलवत नाही. त्याच्या औषधाचा खर्च मी दिला. ड्रायव्हरवरचं प्रकरण चालू आहे. कणकवलीला तारीख असते तेव्हा मीही त्याच्याबरोबर जातो. आदल्या रात्री आम्ही घरी झोपतो आणि सकाळी उजाडल्यावर निघतो. वहीत त्या दिवसापुढे मी लिहितो, ‘काम’.